मधे मोकळा शिक्का

४ ऑक्टोबर, सकाळी

आजपासून मनातलं लिहून काढायचं. कोणाला दाखवायला नाही. माझं मला.

अंगणात दोन तंदूर. तुतीखालचा मोठा माझा. भिंतीकडचा लहान माझ्या धाकट्या भावाचा, झोकिरचा. तो वसंतात रशियाला गेला, बांधकामावर. जाताना रीतीप्रमाणे नानचा एक घास खाऊन गेला. उरलेला नान त्याच्या खोलीत खिळ्यावर टांगलाय. परत येईल तेव्हा संपवेल. त्याची बायको ओयदिन म्हणाली, भाऊजी, तंदूर थंड राहिला तर उंदीर होतील, मी पेटवू का? मी परवानगी दिली. मोठं मन हा माझा दोषच आहे.

आज तीन गिऱ्हाइकं माझ्यासमोरून तिच्याकडे गेली. समरकंदमध्ये लोकांची नजर फार अधू झाली आहे.

५ ऑक्टोबर

विचार केला. पीठ दोन्ही तंदुरांचं माझी बायको सालोमतच मळते. तीळ तेच. लाकूड तेच. पैसेही एकाच डब्यात पडतात. म्हणजे फरक फक्त नानवर नक्षी टोचायच्या लाकडी शिक्क्याचा. ओयदिनचा शिक्का तिच्या आईचा, खिळ्यांची नुसती गर्दी. लोक नक्षीला भुलतात.

सालोमतला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुमचे नान खालून करपतात. भट्टीत लावून तुम्ही चहाच्या टपरीवर जाता, नान कसा भाजावा ते लोकांना सांगायला.

बायकोनं जावेची बाजू घेऊ नये. एवढं तरी.

७ ऑक्टोबर

मोठी बातमी. गल्लीतला सगळ्यात मानाचा म्हातारा तोहिर आका, त्याच्या मुलाचं लग्न. रविवारी येऊन आका दोन्ही तंदुरांचे नान चाखणार, आवडेल त्याला लग्नाचं काम. ज्याचा नान तोहिर आकाच्या घरच्या लग्नात, त्याला अख्खी गल्ली जन्मभर उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणणार. माझ्या बापाला म्हणायचे. मला अजून नुसरत म्हणतात. पोरंसुद्धा.

ओयदिनला उस्ता म्हणतील? हसू आलं. मग आलं नाही.

८ ऑक्टोबर

शिक्का करणाऱ्या होलिककडे गेलो. नवा नमुना स्वतः काढून दिला: कडेला भव्य वर्तुळ, मधे काहीही नाही. भारदस्त मोकळी जागा. होलिक म्हणाला, भल्या माणसा, मधे खिळे नकोत? टोचल्याशिवाय मधला भाग बसायचा कसा? मी म्हणालो, तू लाकूड तास. कलेचं मी बघतो.

९ ऑक्टोबर

शिक्का आला. देखणा. सालोमतनं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, एक नान करून तरी बघा. मी म्हणालो, हातात कला असली की तालीम लागत नाही.

ओयदिन कडेनं जाताना म्हणाली, छान आहे हो भाऊजी. खोटं बोलत होती. जळते बिचारी.

रविवार, १० ऑक्टोबर

आज टपरीवर गेलो नाही. भट्टीपाशी बसून राहिलो.

नान फुगले. आधी थोडे. वाटलं, शोभतंय. मग मधला भाग घुमटासारखा वर आला, दोन नान भिंत सोडून निखाऱ्यांत पडले. उरलेले तोहिर आकापुढे ठेवले. त्यानं एकावर बोट दाबलं. वाफेचा फुत्कार थेट चष्म्यावर. चष्मा पुसत म्हणाला, नुसरत, हा नान आहे की माझ्या सासऱ्याची टोपी?

लोक हसले. सालोमतही. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून, पण हसलीच.

काम ओयदिनला. जाताना आका तिला म्हणाला, येतो, उस्ता.

वर ती मला म्हणते, भाऊजी, लग्नाचे नान मोठ्या तंदुरात लावायला तुम्हीच हवेत, माझा हात तळापर्यंत पोचत नाही. दया! माझ्यावर! माझ्याच अंगणात!

निर्णय झाला. उद्या ताश्कंद. तिथे स्वतःची भट्टी घालेन. इथे यांना कळेल.

११ ऑक्टोबर, सकाळी

सामान बांधलं. घरात जाहीर केलं. थोडं रडणं अपेक्षित होतं. सालोमतनं भिंतीत खिळा ठोकला. इतक्या चटकन सापडला कुठे तिला?

घास घ्यायला नान मागितला. माझे सगळे भिजवून मेंढ्यांना घातले होते. सालोमतनं ओयदिनचा आणला. नकोच म्हणणार होतो, पण घास न घेता प्रवासाला निघायचं नसतं.

एक घास घेतला.

गरम होता. कड खुसखुशीत, मधे शिक्क्यानं दाबलेला पातळ भाग, त्यावर तीळ. दुसरा घास फक्त दोष शोधायला. तिसऱ्यात सापडेल असं वाटलं.

११ ऑक्टोबर, दुपारी

टांगायला काही उरलं नाही. अख्खा नान इथेच संपवलेल्या माणसानं जायचं कसं? रीत म्हणजे रीत. बस चुकली.

सालोमतनं खिळ्यावर माझा नवा शिक्का टांगला.

अंगणातून हाक आली. भाऊजी, राहिलात ते बरं झालं, लग्नाची लाकडं फोडायची आहेत.

फोडली. बारीक हवी होती म्हणे. पुन्हा फोडली.