शून्य रोध

काशिवा, १४ फेब्रुवारी

ती. सातोएताईस,
कोहेईचा सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन एकोणपन्नास दिवस होतील, त्या दिवशी अस्थी घरच्या कबरीत ठेवायला मला येता येणार नाही. चिडशील, तर चीड. मी भट्टीत वाढवलेला स्फटिक परवा थंड करत होतो, तर त्याचा विजेला होणारा रोध एकदम शून्यावर आला. इरिडियमच्या या ऑक्साइडमधून खरं तर वीज सहज वाहायला हवी. पण त्यातल्या इलेक्ट्रॉनचं स्वतःभोवतीचं आणि अणूभोवतीचं फिरणं असं एकमेकांत गुंततं की ते जागचे हलत नाहीत. जादा इलेक्ट्रॉन घातले तर ते बिनरोध वाहतील असं पुष्कळांना वाटतं, दिसलं मात्र कुणालाच नाही. मी ते घातले, आणि मला दिसलं. मार्चअखेर माझी नोकरी संपते, त्याआधी पुन्हा मोजायलाच हवं.

खरं सांगू, आनंद झाला नाही. बाबा गेले तेव्हाही काहीच वाटलं नव्हतं.

माया आटू देऊ नकोस.
तुझा कोहेई

त्सुरुओका, १८ फेब्रुवारी

चि. कोहेईस अ. उ. आ.

तुझे इलेक्ट्रॉन लहानपणीच्या तुझ्यासारखेच दिसतात. जेवायला हाका मारून घसा बसला तरी महाशय ढिम्म. काका विचारतात, मुलगाच नसेल तर अस्थी कबरीत ठेवायच्या कोणी? मी सांगितलंय, तो येईल. मलाही अजून रडू आलेलं नाही. पाहुण्यांचा चहा करण्यात दिवस जातो. मुळ्याचं लोणचं पाठवतेय, एका बैठकीत संपवू नकोस.

ये रे.
ताई

काशिवा, २७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

ते शून्य खोटं निघालं. व्होल्टेज मोजायच्या दोन तारा मी चांदीच्या पेस्टने चिकटवल्या होत्या. पेस्ट पसरली होती, थंडीत आकसताच दोन्ही एकमेकींना टेकल्या आणि यंत्राने शून्य दाखवलं. स्फटिक वीज अडवतच होता, मी फक्त माझी पेस्ट मोजत बसलो. त्यासाठी बाबांकडे आलो नाही. लाज वाटायला हवी, तीही वाटत नाही.

बाबांना नीट ठेवलंत ना?

राग धरलास तरी पत्र टाक.
कोहेई

त्सुरुओका, ३ मार्च

चि. कोहेईस अ. उ. आ.

त्या दिवशी काकांनी पहाटे उठून कबरीपर्यंतचा बर्फ फावड्याने काढला. देवळातले गुरुजी आले, पाठ झाले. मग मी अस्थींचा कलश उचलूच दिला नाही. म्हटलं, बर्फ वितळल्यावर बघू. काका म्हणाले, अगं, वाट साफ आहे. मी म्हटलं, मला दिसत नाही. ते न जेवता गेले.

तुझा मला फार राग आलाय. तरी येताना रडू आणायची गरज नाही, जाड मोजे आण. कलश मुलानेच न्यायचा असतो, आणि बाबांना मुलगा एकच आहे.

वाट बघणारी,
ताई