बारा सेकंदांची लखलख

जवाहरनगर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय खुशबू,

सप्रेम नमस्कार. तुझ्या रिताताईच्या क्वार्टरमध्ये बसून लिहिते आहे. फोन केला असता, पण तुझा फोन आता काकू उचलतात. ताई उद्या माहेरी येईल तेव्हा हे तुझ्या हाती देईल. एकटी असताना वाच.

आमच्याकडे सानगडीला सगळे ठीक. आमच्या बांधीतलं धान कापून झालं. बाबांनी माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र चौकटीत घालून दुकानात टांगलं आहे. कोणी मीठ घ्यायला आलं तरी आधी ते वाचायला लावतात. "आमच्या खानदानात पयली," म्हणतात. मला हल्ली त्या दुकानात जाववत नाही.

आणखी एक बातमी. नागपूरच्या एका कंपनीत मला काम मिळालं. मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमांची प्रकाशयोजना. पंधरा तारखेला रुजू व्हायचं आहे. "तू लाईट लावजो, मी गाईन," असं तूच म्हणायचीस ना?

ते काम कशामुळे मिळालं, हे लिहिताना चार कागद फाडले.

अष्टमीच्या जसगायन स्पर्धेतलं तुला काहीच आठवत नाही, असं काकू सांगत होत्या. तर ऐक. देवीच्या त्या जसगाण्याला मी नुसता पिवळा उजेड ठेवला होता, तुझ्या चेहऱ्यावर आणि ढोलकवाल्या सेवकरामदादांच्या हातांवर. तुझा आवाज चढेल तसा तो थोडा थोडा वाढवत होते. उजेडाने गाण्याच्या पुढे पळू नये, हे माझं म्हणणं तुला पाठ आहे. नागपूरच्या त्या कंपनीचे साहेब माझ्या मागेच खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "पोरी, देवी येऊन राहिली अन् तू काय समई लावून बसली? काही दम दाखव."

शेवटच्या ओळीला ढोलक दुप्पट झाला आणि मी स्ट्रोब चालू केला. तोच, लखलख करणारा. बारा सेकंद. नंतर कोणाच्या तरी व्हिडिओत मी ते मोजले.

नवव्या सेकंदाला तुझी मान एका बाजूला वळली. मी ते पाहिलं. पुढचे तीन सेकंद माझा हात मागे आला नाही, कारण ते दिसत फार सुंदर होतं.

तू कोसळलीस. हातपाय झटकू लागलीस, तोंडाला फेस आला. मांडवात एकच ओरड उठली, "माय आली! माय आली!" बाया लोटांगण घालू लागल्या. पुढे बसलेल्या आनंदाबाईंनी तुझ्या दातांत लिंबू धरलं. मी लाईटच्या बोर्डाजवळून हलले नाही.

आणि मला माहीत होतं, खुशबू. दोन वर्षांपूर्वी साकोलीला कॉलेजच्या पाण्याच्या टाकीजवळ तू मला गोळ्यांची पट्टी दाखवली होतीस. "डॉक्टरनं सांगतलं, लखलख लाईटसमोर राह्यचं नाही, गोळी चुकवाची नाही. घरच्यायशिवाय कोणाले माहीत नाही, नाहीतर सोयरीक होनार नाही. तुले सांगतो, काहून का तू लाईटवाली हायेस." मी तुझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता, तुझ्या गाण्याला स्ट्रोब कधीच नाही.

मागच्या मंगळवारी मी तुमच्याकडे आले होते. ओसरीत तुझ्या दर्शनाची रांग होती. काकूंना बाजूला घेऊन विचारलं, "काकू, तिच्या गोळ्या सुरू हायेत न?"

"देवीच्या आंगाले गोळी कायले लागते वो? आमालेच इतके साल समजलं नाही." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "आता माह्या पोरीले कोणी बिमार म्हणत नाही, रश्मी. तिचे बाबा खाली बसतात, अन् पोरगी पाटावर."

मी रांगेत जाऊन उभी राहिले. तुझ्या उजव्या हाताला पट्टी होती. दुसऱ्यांदा देवी आली तेव्हा तू चुलीजवळ होतीस, असं पुढच्या बाईने कौतुकाने सांगितलं. "हात जळला, पण मायनं हूं का चूं नाही केलं." मग माझा नंबर आला आणि मी वाकून तुझ्या पाया पडले. डाव्या हाताने तू मला अंगारा लावलास आणि हळूच म्हणालीस, "जेवून जाजो." त्या सगळ्यात तेवढंच एक तुझं होतं.

तुझ्या अंगात देवी येत नाही. ती मिरगी आहे. अष्टमीची फिट मी आणली; नंतरच्या दोन फिट गोळ्या बंद केल्यामुळे आल्या. पुढची चुलीजवळ येईल की विहिरीवर, कोणी सांगावं?

हे खरं मानलंस तर तुझा पाट जाईल. काका पुन्हा खुर्चीत बसतील, बाया पुन्हा कुजबुजतील. एवढा मान तुला पहिल्यांदाच मिळाला आहे. तो काढून घ्यायचा मला काय अधिकार? फक्त तू जिवंत राहावीस, एवढंच मला समजतं.

ताईला मघाशी सगळं सांगितलं. तिने माझ्या थोबाडीत मारली, आणि मग भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे गुरुवारचा नंबर लावला. तिच्यासोबत जा. तोवर चुलीपाशी, पाण्यापाशी एकटी राहू नकोस.

काका-काकूंना मी परवा येऊन सांगणार आहे, तू नको म्हणालीस तरी. गावाला सांगायचं की नाही, ते तू ठरव. नागपूरला जायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेही लपवत नाही.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. गुरुवारी जा.

पाहूनही बंद न करणारी,
रश्मी