बैल न लावता सोलापूर

तीर्थस्वरूप माणिकप्पा अण्णांना धाकटे मेहुणे मल्लिनाथ यांचे वाकून शरणार्थ. थंडी पडायला लागली, तेव्हा तुमचा गुडघा धरला असणारच. वैनींची ती दाढ निघाली, का अजून सगळ्या घराला जागवते? पोराबाळांना आशीर्वाद, दुकानच्या दिवाणजींना नमस्कार, आणि तुमच्या दारातल्या खिलारी जोडीलाही आमचा नमस्कार सांगा. (बैलांना नमस्कार कशाला, असं म्हणू नका. चांगल्या जनावराची खुशाली विचारण्यात कुणाची इज्जत जात नाही.)

पत्राच्या माथ्यावर गावाचं नाव घातलं नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. ते विसरून नाही, त्याचं कारण खाली येईल. मधली पानं टाकून शेवट आधी वाचायची तुमची खोड मला ठाऊक आहे, एवढ्या बारीला ती आवरा.

तुमची बहीण, म्हणजे आमचं कुटुंब शिवकांता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीत बसून उमरग्याहून तुमच्याकडं आली, ती आलीच. दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीला मी हॉटेलातली शेव खाल्ली. तिची अट तुमच्या गल्लीला पाठ झाली असेल, तरी माझ्या हातानं लिहितो: माझी फटफटी बैल न लावता माहेरच्या दारात आली, तर ती तिच्यावर बसून नांदायला येणार. नाहीतर मी खुशाल फटफटीसंगं संसार करावा. आता ह्या तकरारीत तुमच्याकडं एकाच बाजूचा जबाब पोचलाय. दुसरी बाजू ऐकून घ्या, मग न्याय करा.

पहिली गोष्ट, फटफटी मी शौकानं घेतली हे साफ खोटं. मी व्यवहारी माणूस. आडतीच्या कामानं मुरूम, नळदुर्ग, लोहाऱ्याचे बाजार करावे लागतात. घोडं ठेवलं तर ते उभं राहूनही खातं. फटफटी उभी असली म्हणजे काही खात नाही. (आणि ती बहुतेक उभीच असते, तेव्हा बचत केवढी ते बघा.) सडकेवरचा एक ओवरसियर बदली होऊन चालला होता, त्याच्याकडून घेतली. देताना त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, वियोगानं. आता वाटतं, सुटला म्हणून.

गाडी विलायती आहे. कंपनीचं नाव टाकीवरून कधीच उडालं, त्यामुळं कुणाच्या नावानं बोटं मोडायची तीही सोय नाही. पण यंत्र अव्वल! नव्या गाड्या नुसत्या चालतात, जुनी गाडी माणसाला शहाणं करते. इंजिनात एरंडेल घालायचं असतं. चेष्टा नाही, विलायतेत शर्यतीच्या गाड्यांनाही तेच घालतात म्हणे. शिवकांताच्या बरणीतलं एरंडेल त्या कामी गेलं हे खरं, पण घरात कुणाचं पोट बिघडलं तर नुसतं गाडीमागं चार पावलं चाललं तरी गुण यायचा. चाकाला चालवणारा पट्टा सडला, तर मी मोटेच्या नाड्याचं चामडं कापून नवा शिवून घेतला. लढाईपायी टायर मिळेना, तर आतून कडबा ठासून भरला. पेट्रोल कुपनावर, तेही तहसिलीतल्या मर्जीनं, म्हणून निम्मं रॉकेल. सांगा, ह्यात शौक कुठं दिसला? हा तर काटकसरीचा संसार.

आता पोळ्याची हकीकत. वेशीत तोरण बांधलेलं असतं, आणि त्याच्याखालून पहिला बैल जातो तो बब्रुवान पाटलांचा. हा मान त्यांच्या खापरपणजोबापासूनचा. त्यापायी मागं एकदा डोकी फुटलेली आहेत. मी म्हणालो, फटफटीही वर्षभर राबते, तिलाही सगळ्या बैलांच्या मागनं न्यायची. शेवटी, सगळ्यांच्या मागनं, हे माझे शब्द. शिवकांतानं आपल्या हातानं झूल शिवली, हँडलला गोंडे बांधले, दिव्याला कुंकू लावलं. (हे ती तुम्हाला सांगणार नाही. म्हणून मी सांगतोय.)

घोटाळा केला आमच्या सालदार बिरूनं. बिरूचे केस आमच्याच गोठ्यात पिकले. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू घासून खांदा सोलतो, त्याला तूप-हळद चोळायची. बिरूनं बैलांचं उरकलं आणि फटफटीभोवती फिरून तिचा खांदा शोधला. मागच्या चाकाच्या कडीला एक लाकडी गुटका घासतो, तेव्हा गाडी थांबते. बिरूला तिथं घासल्याच्या खुणा दिसल्या. लाकूड घासतं तिथं खांदा, हा त्याचा हिशेब. बिचाऱ्यानं घरचं साजूक तूप आणि हळद त्या गुटक्यावर आणि सबंध कडीवर सांज मावळेपर्यंत चोळली. मला मागाहून म्हणाला, "मालक, मुकं जनावर हाय. सांगत न्हाय म्हून काय तिला दुखत न्हाय व्हय?"

पुढचं तुम्ही ताडलंच असेल. वेशीकडं उतार आहे. मी सगळ्यांच्या मागं उभा होतो. ढोल वाजले, गाडी बिचकली (बिचकली हाच शब्द बरोबर), मी गुटका दाबला, आणि तुपावरनं बोट सरकावं तशी गाडी सरकली. बैल दोन्ही अंगाला पांगले. पाटलांचा बैल तोरणापासून हातभर लांब असताना मी तोरण गळ्यात घेऊन वेशीतून पार झालो. वेशीच्या आत बायका बैलांना ओवाळायला ताटं घेऊन उभ्या, पुढं शिवकांता. तिच्या हातातल्या ताटातली पुरणपोळी पाटलीणबाईंच्या डोक्यावर गेली, आणि मी जनावरांच्या हौदात. बाहेर काढायला दुसरं कोण येणार, पाटलांचाच बैल लावला. सगळं गाव हसत होतं, पाटील तेवढे हसत नव्हते. शिवकांता रागावली म्हणजे कानडीवर जाते. "साकु," म्हणाली. पुरे. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, "जिला हौदातून काढायला बैल लागतो, तिनं बैलाचा मान घेतला! लाज वाटाया पायजे." आणि तिथंच ती अट घातली.

मी म्हटलं, उमरगा ते सोलापूर सडक चांगली, चार दिवसांत आणतो परत. दसऱ्याला निघालो. येणेगुरात टायर फाटलं, कडबा बाहेर आला. चहा प्यायला टेकलो तेवढ्यात एका गाईनं माझं अर्धं चाक खाल्लं. परत बैल, परत उमरगा.

दिवाळीनंतर दुसरी खेप. नळदुर्ग मागं टाकलं, संस्थानच्या हद्दीचा नाका दिसायला लागला आणि इंजिन गप. नाक्यापुरती म्हणून एका बैलगाडीमागं बांधली. (ही गोष्ट शिवकांताला कळवायची नाही.) नाक्यावरचा कारकून मोठा कायदेबाज. म्हणाला, आपापली चालत आली तर ती सवारी, ओढून आणली तर माल. मालावर महसूल पडतो. मी म्हणालो, ही सवारीच आहे. तो म्हणाला, मग चालवून दाखवा. लाथा मारून मारून माझी वहाण तुटली. अण्णा, हुकूम चालवणाऱ्यापुढं न चालणारी गाडी घेऊन उभं राहण्याची वेळ वैऱ्यावर येऊ नये! तेवढ्यात पलीकडून, तुमच्या सोलापूरच्या जनावरांच्या बाजारातून, बब्रुवान पाटील येताना दिसले. गाडीला तोच मानाचा बैल. पोळ्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. गाडीतून उतरले, फटफटीकडं बघितलं, माझ्या वहाणेकडं बघितलं. म्हणाले, "शेट, पोळ्याला तुमची गाडी म्होरं व्हती. आता आमचा बैल म्होरं. बांधा कासरा." उमरग्याच्या वेशीत त्यांनी गाडी थांबवली, बैलाच्या शिंगाला आंब्याचा डहाळा बांधला, आणि आधी बैल, मागनं फटफटी, असे आम्ही गावात शिरलो. मान परत गेला. त्या दिवसापासून पाटील माझ्याशी नीट बोलतात. त्यांच्याशी समेट झाला, तुमच्या बहिणीशी तेवढा राहिला.

लोक म्हणतात, विकून टाक. विकली तर सुटेन, पण अण्णा, विकली तर ती अट पुरी कशी व्हायची? मग ती कशावर बसून यायची? हा पेच कुणाच्या ध्यानात येत नाही. घर खायला उठतं. गोठ्यातली झूल मी घडी घालून ठेवली आहे. एरंडेलाचा वास येतो म्हणून भांडायला घरात कुणी नाही, तर आताशा तो वास मलाच सोसत नाही. तिच्याशिवाय करमत नाही, हे पत्रात लिहायला लाज वाटते, म्हणून लिहीत नाही.

तिसऱ्या खेपेची हकीकत लिहायला कागद पुरायचा नाही. मोठ्यांना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
मल्लिनाथ

ता. क. हे पत्र उमरग्याहून लिहिलेलं नाही. सोलापूरच्या अलीकडं एका कोसावर, लिंबाखालच्या चहाच्या हॉटेलात बाकड्यावर बसून लिहितोय. इथून गिरणीची चिमणी दिसते. फटफटी उमरग्याहून इथवर आपल्या चाकांनी आली, नाक्यावरून दिमाखात सवारी म्हणून आली, एक बैल लावलेला नाही! आणि इथं, चिमणी दिसल्यावर, मोटेचा पट्टा तुटला. माझा कमरेचा पट्टा लावून बघितला, तोही तुटला. (धोतर नेसतो म्हणून निभावलं.) गाडी सोडून चालत आलो तर अट बुडाली, आणि इथंच बसलो तर जन्म गेला. तेव्हा असेल तसा चामड्याचा पट्टा ह्या म्हशीवाल्याच्या हाती पाठवा. तो धार काढून दूध घालायला तुमच्याच गल्लीत येतोय. शिवकांताला सुगावा लागू देऊ नका. इंजिनाचा आवाज ऐकूनच ती दारात यावी, एवढी एक हौस आहे.

दुसरा ता. क. म्हैस पान्हा चोरते आहे म्हणून पत्र अजून इथंच. तेवढ्यात टांगा थांबला, आणि आत कोण? तुमची बहीण! सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं स्टँडवर सांगितलं म्हणे, उमरग्याचे शेट लिंबाखाली चिमणीकडं बघत बसलेत. उतरली ती माझ्याकडं बघेना. आधी लिंबामागं बघितलं, मग हॉटेलामागं, मग सडकेवर खुरांच्या खुणा बघितल्या. हॉटेलवाल्याला विचारलं, म्हशीवाल्याला विचारलं. बैल कुठं नाही अशी खात्री झाल्यावर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "किती वाळलाय." भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. मी खाताना हे पत्र तिनं वाचलं. जिथं लाज वाटते म्हणून लिहिलं नाही असं लिहिलंय, ते दोनदा वाचलं. नाक्यापुरत्या बैलगाडीचंही वाचलं, पण ती मागची खेप म्हणून माफ. मी म्हणालो, पट्टा येईल, मग निघू. तर म्हणाली, "मी बैल लावायचा न्हाय म्हणाले होते. मानसं लावायची न्हाईत, असं कुठं म्हणाले?" टांगा परत पाठवला, घोड्याचा आळ नको म्हणून. पदर खोचून गाडीमागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नडीरी." म्हणजे चला. अण्णा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (एरंडेलाचा धूर नव्हता. इंजिन बंद होतं.)

तिसरा ता. क. म्हशीनं दूध दिलं, पत्र निघालं. आम्ही ढकलत येणार, तेव्हा हे आधी पोचेल. दारात आलो की इंजिनाचा आवाज कसा आला नाही, असं घरात कुणी विचारायचं नाही. आणि पट्ट्याचं राहू द्या. खरं काम वेगळंच आहे. अट येण्यापुरती होती, परत जाण्याला बैल चालतो, हे तिनं स्वतः कबूल केलंय. ती बोलल्याप्रमाणं फटफटीवरच बसणार, मी हँडल धरणार, आणि पुढं तुमची खिलारी जोडी, उमरग्यापर्यंत. तेवढी उद्या सकाळी द्यावी. ओढून नेलेली फटफटी नाक्यावर माल धरतात, तेव्हा मालावर बसलेली बाई मालात येते का सवारीत, हे तुमच्या ओळखीच्या कुणाला विचारून ठेवा. बैल निघायच्या आधी त्यांच्या खांद्याला तूप-हळद चोळायला सांगा. फटफटीजवळ मात्र तुपाची वाटी घेऊन कुणाला येऊ देऊ नका.