मावशीची फिरती खुर्ची

आई, पलीकडच्या मावशीची महिन्याची सरकारी मदत बंद झाली. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की हल्ली तुझा आवाज मुद्दाम आठवावा लागतो. विजेची मोटार नुसती ऐकून तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा मी, मला याची लाज वाटते. पण ही गोष्ट तुझ्या चुलीपासून सुरू होते, म्हणून तुलाच सांगतोय.

ताईला बघायला पाहुणे आले होते तो दिवस आठव. मावशीकडून तू कपबशा आणल्या होत्यास, सतरंजी आणली होतीस, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. पाहुण्यांनी कप उचलला आणि मी ठणकावून सांगितलं, "ह्या कपबशा आमच्या न्हाईत, मावशीच्या हायेत." पाहुणे हसले. तू मात्र माझा कान धरून मला चुलीपाशी ओढतेस, आणि मला वाटतं आता लाटणं पडणार. पण तू हळू आवाजात म्हणतेस, "आरं, आपली अडचण दिसली की पाव्हण्याच्या घशाखाली घास उतरत न्हाई. त्याच्यासाठी झाकायची असती ती, आपल्यासाठी न्हाई." आणि मागच्या दारातून मावशी, पदर तोंडाला लावून, "आन् बशीला टवका गेलाय, त्ये बी सांगायचं व्हतं की रं!"

ती मावशी आता एकटी आहे. काका गेले, मूलबाळ नव्हतंच. तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात मोटारींना तार गुंडाळत होतो. आता केडगावात माझं स्वतःचं रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे, रांजणगावच्या कंपन्यांच्या मोटारी माझ्याकडे येतात. मावशीच्या बीपीच्या गोळ्या आणि किराणा त्या मदतीवर चालायचा. बंद झाल्यावर म्हणालो, मी देत जाईन. तर म्हणाली, "तू दिलंस की म्या तुझ्या दारात आले. सरकार देतंय तवर म्या माझ्या दारात हाय." आता ती गोळी अर्धी मोडून घेते.

झालं ते असं. मदत कुणाला द्यायची हे हल्ली माणूस ठरवत नाही, संगणक ठरवतो. एआय म्हणतात त्याला. घराचे आतून फोटो काढतात, त्यात कायकाय दिसतं ते तो ओळखतो आणि घर गरीब की बरं ते सांगतो. फोटो काढायला टॅब घेऊन एक पोरगी यायची होती. सरकारचं माणूस घरी येणार म्हटल्यावर मावशीनं काय करावं? तू केलं असतंस तेच. बोळाच्या टोकाला कंपनीतला एक सुपरवायझर राहतो, त्याच्याकडून टेबल फॅन आणला, काचेचे कप आणले आणि त्याची गादीची, चाकांची फिरती खुर्चीही ढकलत आणली. पोरगी स्टँडवरून उन्हात चालत आलेली, घामानं भिजलेली. तिला खुर्चीत बसवलं, समोर फॅन लावला, चहा पाजला. मग पोरगीनं चारी कोपऱ्यांतून फोटो काढले आणि पुढच्या महिन्यापासून मदत बंद.

मी कचेरीत गेलो. आजवर मी सगळी कामं बोलून काढलीत, आई. अडवणारा माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज जरा घसरतो. तो ऐकू आला की मला कळतं, इथं वाट आहे. टेबलामागचा कारकून म्हणाला, "काका, सिस्टीमनं काढलंय. का काढलंय ते मला दिसत नाही." मी कान देऊन ऐकलं. आवाज सरळ होता. खरंच त्याला माहीत नव्हतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं, त्याला हसवता येतं, चहाला नेता येतं. याला काय करणार? शेवटी त्यानं एवढं केलं, की फेरतपासणीचा अर्ज घेतला.

मग मी डोकं चालवलं. फेरतपासणीच्या सकाळी टेम्पो घेऊन गेलो आणि परत द्यायचं राहिलेलं सगळं, खुर्ची, फॅन, कप, सुपरवायझर ड्युटीवर होता म्हणून त्याला फोनवर विचारून वर्कशॉपात नेऊन ठेवलं. मावशीला बजावलं, जे आहे तेच दिसू दे, नवं लुगडं नेसू नको, चहासुद्धा ठेवू नको. "चहा बी न्हाई?" "न्हाई." "आरं, लेकीसारखी हाय ती." मी म्हणालो, "मावशी, गोळ्या पायजेत का न्हाई?" तिनं चहाचं पातेलं पालथं घातलं.

तीच पोरगी आली. तसंच ऊन. इकडंतिकडं बघितलं आणि भिंतीला टेकून भुईवर बसली. मावशीनं तांब्या पुढं केला. पोरगी घटाघटा पाणी प्यायली आणि सहज म्हणाली, "मावशी, मागच्या वेळी ती फिरती खुर्ची होती ना? दोन मिनिटं बसले, इतकं बरं वाटलं होतं."

मावशी माझ्याकडे बघतेय. मी दाराकडे बघतोय.

"मोडली," मावशी म्हणाली.

आतून काहीतरी गेल्याचा आवाज मला ओळखता येतो, आई. तो त्या एका शब्दात होता.

पोरगीनं चारी कोपरे टिपले. रिकामी भिंत, रिकामी भुई, चुलीपाशी दोन भांडी. खोटं काहीच नव्हतं त्यात. थोड्या दिवसांनी कारकुनाचा फोन आला. "काका, नामंजूर. आधीच्या फोटोत खुर्ची, पंखा, काचेचे कप. आता काहीच नाही. वस्तू लपवल्याचा संशय, असं आलंय." मी म्हणालो, "अहो, मग एखादा माणूस पाठवा की डोळ्यानं बघायला." तो म्हणाला, "माणूसच आला होता की काका, फोटो काढायला." त्याचाही आवाज पडला होता.

पाहुणचार केला, तो त्या यंत्रानं खरा धरला. उघडं घर दाखवलं, ते खोटं ठरवलं. तिसरं काही दाखवायला मावशीकडे नाही, आणि मला सुचत नाही. मावशी मदतीचं नावही काढत नाही. परवा गेलो तर एवढंच म्हणाली, "पोरगी भुईवर बसली रं. आन् म्या बसू दिली."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, मला ठाऊक आहे. पण एक सांगून ठेवतो. ती खुर्ची अजून माझ्या वर्कशॉपात आहे, तिच्यावर बसूनच लिहितोय. सुपरवायझर दोनदा विचारून गेला. टेम्पो मोकळा नाही, असं मी त्याला सांगितलं. टेम्पो मोकळाच असतो, आई. त्याच्या घरी जायचं तर ही खुर्ची मावशीच्या दारावरून न्यावी लागते.