तिसऱ्या वळणावरचं पाणी

१२ जानेवारी, सोमवार

एक मीटर चाळीस. तिसऱ्या वळणावर आजही तेवढंच. तीनदा मोजलं — यंत्रानं, मग खुणांच्या काठीनं, मग चिडून पुन्हा यंत्रानं. तेवढ्यात साहेबांचा फोन. "परत मोजा, दोन यायला हवं." नदीला निरोप दिला. तिनं फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

भरलेली बार्ज, म्हणजे मालाची सपाट बोट, पावणेदोन मीटर पाण्यात खाली बसते. म्हणजे तिसऱ्या वळणापर्यंत जलवाहतूक आणि पुढे चिखलवाहतूक. खरं तर गेल्या वर्षीच इथला गाळ काढून झालाय. कागद तसं म्हणतो. गाळाला कोणी वाचून दाखवलेला नसावा.

आज आमची बार्जही आली. रस्त्यानं! दोन तुकडे, दोन ट्रेलर, पुढे-मागे लाल झेंडे. हमरस्ता अडीच तास बंद. ट्रेलरच्या पाठीवर हा मोठा फलक — 'रस्त्यावरचा भार आता पाण्यावर'. मागे अडकलेल्यांनी हॉर्न वाजवून स्वागत केलं.

१५ जानेवारी

नवरा आला. एकोणीस दिवसांनी. बावीस वर्षं सिमेंटचा ट्रक चालवतोय, आता कमरेला पट्टा बांधून चालवतो. आल्या आल्या म्हणाला, "तुझी बार्ज बघितली गं. अडीच तास तिच्या मागेच उभा होतो!"

सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "सून सरकारात आहे, खोल्या मोजते." शेजारणीनं विचारलं, "किती खोल्या झाल्या मोजून?" मी आतूनच ओरडले, "नदीची खोली हो!" पण तोवर विषय मिटला होता.

त्याचे बूट मी काढले. वाकता येत नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "स्टेअरिंग धरायला वाकावं लागत नाही." मग उगाच हसला.

१८ जानेवारी

गेला.

२२ जानेवारी

बार्ज चालवायला तांडेल नेमलेत. साठी ओलांडलेले, चाळीस वर्षं याच नदीत बोटी हाकलेले. आमच्या आस्थापना शाखेनं त्यांच्याकडे नदीची माहिती असल्याचा दाखला मागितला. तांडेलांनी शांतपणे विचारलं, "दाखला कोणाकडून आणू? नदीकडून?" शाखेनं वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलंय.

माझं यंत्र त्यांनी फार कौतुकानं बघितलं. पडद्यावर तळाची रेघ उमटली की लहान मुलासारखे मान पुढे करायचे. "ताई, आम्ही पाण्याच्या रंगावरनं, भोवऱ्यावरनं ठरवायचो. सगळं अंदाजपंचे. हे बरंय." या खात्यात कोणी माझ्या कामाला बरं म्हटल्याची ही पहिलीच नोंद.

२९ जानेवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर बिस्किटं. बिस्किटं दिसली की मी सावध होते.

साहेब आधी अर्धा तास देशावर बोलले. एक बार्ज म्हणजे वीस ट्रक कमी. डिझेल कमी, धूर कमी, अपघात कमी. चालणार नाही म्हणून हा प्रकल्प दोनदा परत गेला, आता तिसऱ्यांदा गेला की संपला. ऐकताना राग येत होता, कारण सगळं खरं होतं. खोटं बोलणाऱ्या माणसानं निदान खोटं तरी बोलावं!

मग म्हणाले, "तुमचे मिस्टर ट्रकवर ना? धक्क्यावर माल चढवून घ्यायला अनुभवी माणूस हवाय. दिवसपाळी. संध्याकाळी घरी." आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "आणि तो खोलीचा अहवाल — दोन मीटर लिहून ठेवलंय, तुमची सही तेवढी राहिलीय."

दोन्ही वाक्यांचा संबंध फक्त 'आणि' एवढाच. व्याकरणात याला काय म्हणतात कोण जाणे.

३० जानेवारी

नाही म्हणणार. ठरलं.

२ फेब्रुवारी

सही केली.

साहेब म्हणाले, महिन्याभरात पुन्हा गाळ काढायला घेतोय, तोवर हा नुसता कागद. मी विश्वास ठेवला. म्हणजे, ठेवला असं इथे लिहिते आहे. माझी नोंदवही कपाटात, साड्यांखाली. तिच्यात अजून एक चाळीसच आहे.

१६ फेब्रुवारी

नवऱ्याचा धक्क्यावरचा पहिला दिवस. सव्वासहाला घरी! कोणालाच काय करावं कळेना. सासूबाईंनी विचारलं, "किती दिवस आहेस?" तो म्हणाला, "उद्या आठला जातो, सहाला येतो." तरी त्यांनी बाहेरगावी जाताना देतात तसा डबा काढून ठेवलाच.

आठवडाभर हे असं चाललं तर स्वयंपाकघरातले सगळे डबे तो उंचीप्रमाणे लावणार आहे. आज सुरुवात झाली. मीठ सापडलं नाही. मला एवढं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

गाळ काढणारं यंत्र आलेलं नाही. मी विचारलंही नाही.

४ मार्च

उद्घाटन! फीत, मांडव, तीन भाषणं. सिमेंट वेळेत पोचलंच नाही — आणणारे ट्रक पाहुण्यांच्या गाड्यांमध्ये अडकले. शेवटी तीनशे टनांच्या बार्जवर सव्वाशे टन चढवून ती हाकलली. हलकी होती, वर तरंगली, तिसऱ्या वळणावरून डुलत डुलत गेली.

साहेब माझ्या कानाशी, "बघा! उगाच घाबरत होता." जणू नदीनं स्वतः येऊन माझ्या सहीवर शिक्का मारला. उद्घाटनाच्या अहवालात 'यशस्वी' हा शब्द सतरा वेळा आलाय. मोजायची सवय.

१९ मार्च

दुपारी बाराला नवऱ्याचा फोन. "बसली गं." मला वाटलं कंबर. "बार्ज बसली. तिसऱ्या वळणावर."

आज पहिल्यांदा पूर्ण भरून गेली होती. तीनशे टन. त्यानंच उभं राहून चढवून घेतले होते. पुढचं टोक वाळूत रुतलं, मागची बाजू प्रवाहानं फिरली, काठाच्या खडकावर आपटून फुटली. बोटीनं ओढायला गेले तर दोर तुटला आणि सपकन तांडेलांच्या मांडीवर बसला. हाड दोन ठिकाणी मोडलंय.

नवरा म्हणतो, "पाणी कमी कसं झालं गं एकदम?"

म्हटलं, "होतं कधी कधी."

२१ मार्च

बार्जमध्ये पाणी शिरलं. सिमेंट भिजलं. मग सिमेंटनं जे करायचं ते केलं. नदीच्या मधोमध आता तीनशे टनांचा एकसंध दगड उभा आहे. खात्यानं या नदीत केलेलं हे पहिलं पक्कं बांधकाम!

गिऱ्हाईकाला माल तर पोचवायला हवा. वीस ट्रक मागवलेत.

कार्यालयाबाहेर नोटीस: 'चालकाच्या बेपर्वाईमुळे अपघात.' तांडेलांचा परवाना निलंबित. बेपर्वाई लिहायला साहेबांना अर्धा दिवस लागला. गाळ काढायला अख्खं वर्ष पुरलं नव्हतं.

२४ मार्च

दवाखान्यात गेले. पाय टांगलेला. बायको उशाशी, तिनं माझ्यासाठी स्टूल पुसलं. ते स्टूल तिनं पुसायला नको होतं.

मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग विचारलंच, "तांडेल, तुम्हाला वळणावर दिसलं नाही?"

"दिसलं ना. पाणी फिकट होतं. मन म्हणत होतं, थांब. इथे दीडसुद्धा नाही."

"मग?"

"कागद होता ना, ताई. खाली तुमची सही. म्हटलं, ताईंनी तीन-तीनदा मोजलंय. आता आपलेच डोळे म्हातारे झाले असतील." मग मलाच धीर देत म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. यंत्रसुद्धा चुकतं एखाद्या वेळी."

खाली आले. दवाखान्याच्या फाटकाशी किती वेळ उभी होते माहीत नाही. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, कुठे जायचं.

आज विनोद सुचत नाही.

२७ मार्च

सुचला. मला नाही, खात्याला.

अपघाताच्या चौकशीसाठी तीन जणांची समिती. अध्यक्ष मुख्य कार्यालयातून येणार. सदस्य पहिले — आमचे साहेब. सदस्य दुसऱ्या — 'नदीच्या खोलीविषयी सखोल ज्ञान असल्याने' — मी! तांडेल दोषी की नाही ते मी ठरवायचं.

साहेबांनी पेढ्यासारखं पत्र हातात ठेवलं. "साधं काम आहे. एक बैठक. त्यांना काय, या वयात नोकरी गेली तरी चालतं. मुलं कमावती आहेत." मग आवाज उतरवून, "तुमचे मिस्टर अजून कच्चे आहेत, लक्षात आहे ना? जूनमध्ये कायम करू."

बिस्किटं नव्हती. आता गरज नसावी.

२८ मार्च, शनिवार

नवऱ्याला सांगितलं. सगळं. नोंदवही कपाटातून काढून समोर ठेवली.

तो पानं उलटत राहिला. खोलीचे आकडे त्याला कळत नाहीत, पण तारखा कळतात. १२ जानेवारीच्या पानावर थांबला. मग २ फेब्रुवारीचं शोधलं. त्या दिवशी मी काही मोजलं नव्हतं.

"हे माझ्यासाठी केलंस?"

"हो."

"मला विचारलं होतंस?"

मी नोंदवही मिटायला हात पुढे केला, त्यानं मिटू दिली नाही.

"तीनशे टन मी चढवले. माझ्या हातानं. तांडेल मला विचारत होते, सगळा चढवू का? मी म्हटलं, चढवा बिनधास्त, आमच्या बाईसाहेबांनी मोजलंय." बराच वेळ तो नोंदवहीच्या कडेवरून बोट फिरवत बसला. "कंबर माझी गेली. आणि वाकलीस तू."

एवढ्या वर्षांत तो मला एवढं लागेल असं कधी बोलला नव्हता. आवाजही चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

मी म्हटलं, मी खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाईल. कदाचित माझीही.

"माझी तर जायलाच हवी," म्हणाला. उठला, बाहेर जाऊन जुन्या मालकाला फोन लावला. "हो, येतो. नाही, लांबच्या खेपा नकोत, कंबर धरते. जवळच्या असतील तर बघा. पगार कमी चालेल." सासूबाई दारातून ऐकत होत्या. आत गेल्या आणि मोठा डबा घासायला काढला.

३१ मार्च

बैठक अकराला. अध्यक्ष मधोमध, एका बाजूला साहेब, एका बाजूला मी. समोर साक्षीदाराची रिकामी खुर्ची. अध्यक्ष म्हणाले, "पहिला साक्षीदार बोलवा."

मी उठले, टेबलाला वळसा घातला आणि त्या खुर्चीत जाऊन बसले. साहेब म्हणाले, "अहो, तुमची जागा इकडे." म्हटलं, नाही. नोंदवही उघडली.

दुपारी दोनला तांडेलांवरची नोटीस मागे घेतली. तीनला माझं निलंबन. खात्याचं काम इतक्या वेगानं होतं, हे मला आजच कळलं.