गुरुवारचा तिसरा तास

६ नोव्हेंबर, गुरुवार

पार बट्ट्याबोळ! दोन आठवडे डोकं शिणवून खेळ तयार केला — चौकटी आखलेला मोठा पुठ्ठा, चार टाक्या, कागदाचे नळ, गावभर पसरलेली घरं. जो गट आपल्या टाकीतून जास्त घरांना पाणी पोचवेल तो जिंकला. साधी गोष्ट. विशेष गटातली मुलं म्हणजे शाळेतली निवडक हुशार डोकी. दर गुरुवारी तिसऱ्या तासाला ती माझ्याकडे खेळायला येतात, आणि मोठ्या बाई अधूनमधून विचारतात, यातून निष्पन्न काय झालं? आज जे निष्पन्न झालं ते सांगायची सोय नाही.

टिटवीने घोळ घातला. पाचवीतली ही मुलगी. नाव वेगळं आहे, पण भर तासात मध्येच ओरडून उत्तर देते म्हणून सगळी शाळा तिला टिटवी म्हणते. माझं गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार! वहीत मात्र एक ओळ धड नाही. गेल्या महिन्यात मीच हट्टाने तिला गटात घेतलं. आज दोन पानी नियम हातात दिले, तर एक नजर टाकून कागद बाजूला. मग ह्याला विचार, त्याला विचार — सगळ्यांचं डोकं उठवलं. शेवटी आपले नळ शेजारच्या गटाच्या नळांना जोडून मोकळी झाली. मग तिसऱ्या गटाच्या, मग चौथ्या. सगळ्या गावाला पाणी! कुणीच हरलं नाही, म्हणजे कुणीच जिंकलं नाही. ‘पहिला नंबर’ — तो कायम पहिलाच येतो म्हणून त्याचं नावच ते पडलंय — रडकुंडीला आला.

मी तिला झापलं. तर म्हणे, असं करायचं नाही म्हणून कुठे लिहिलंय? मी म्हटलं, जे लिहिलंय ते आधी वाच! तिने नियमांचा कागद बाकावर ठेवला आणि त्यावर बसली. तास संपेपर्यंत उठली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चिडचिड अजून गेलेली नाही. घरी बायकोला सांगितलं, तर ही विचारते, सगळ्या गावाला पाणी मिळालं तर तुमचं काय बिघडलं? हिला खेळातलं काही कळत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

वाचनाच्या बाईंनी जिन्यात गाठलं. या बाई सोमवारी आणि गुरुवारी फक्त येतात, बाकीचे दिवस दुसऱ्या शाळांत. ज्या मुलांना अक्षरं दिसतात पण जुळत नाहीत, त्यांना हळूहळू वाचायला शिकवतात. टिटवी त्यांच्याकडे आहे हे मला ठाऊक होतं. प्रकरण इतकं आहे हे ठाऊक नव्हतं. एक ओळ वाचायला तिला घाम फुटतो म्हणाल्या. "दोन पानं दिलीत तुम्ही तिला. हा खेळ कुठला? ही तर वाचनाची परीक्षा झाली."

खरं बोललं की झोंबतं. वर आणखी एक — गुरुवारी तिसऱ्या तासाला ती त्यांच्याकडे असायला हवी! महिनाभर आलेलीच नाही. मी म्हटलं, आठवड्यातला एक तास, एवढं काय अडतंय? त्या नुसत्या हसल्या. असं हसणाऱ्या माणसांशी भांडताही येत नाही.

संध्याकाळी नियम फाडले. आता शब्दच नकोत. चित्रं, बाण, रंग. हिच्या शिलाईच्या कात्रीने पुठ्ठे कापले म्हणून घरात वेगळं ऐकून घेतलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मजा आली! कित्येक महिन्यांत अशी आली नव्हती. कागदावर एक अक्षर नाही. पहिला नंबर पुठ्ठ्याकडे पाहत नुसता बसला, मग हळूच म्हणतो, सर, लिहून द्या ना. आणि टिटवी! चित्रं पाहिली, एकदा मान हलवली आणि सुटली. नळ कुठे वळवायचा, कुठली टाकी आधी रिकामी होणार — सगळं तिच्या डोळ्यांपुढे. मध्ये ओरडली नाही की कुणाला छळलं नाही. आज तिच्या शेजारच्या मुली तिला विचारत होत्या. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो.

आणि मग माशी शिंकलीच. चौथ्या तासाला मोठ्या बाईंचं बोलावणं. वाचनाच्या बाईंनी विषय त्यांच्या कानावर घातलेला. एका मुलीला एका तासाला दोन ठिकाणी बसवता येत नाही, सर. विशेष गट नाहीतर वाचन — पालकांना बोलवा, एक काय ते ठरवा, महिनाअखेरीपर्यंत सही घ्या. मी म्हटलं, तिला दोन्ही लागतं. त्या म्हणाल्या, हुशार असेल तर मदत कशाला, आणि मदत लागत असेल तर हुशार कशी? चष्मा लावणारा माणूस पळू शकत नाही का, असं विचारणार होतो. नाही विचारलं. घरी येईपर्यंत तेच घोळत राहिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वाचनाचा तास हलवा म्हणून मोठ्या बाईंच्या मागे लागलो. माझा हलवायचा तर तीन वर्गांची मुलं उठवावी लागतात, त्यापेक्षा तो सोपा. वेळापत्रक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! अकरा वर्षं त्याच करतायत, त्यांना कुणी शिकवायचं नाही. शेवटी म्हणाल्या, तुम्हीच जमवून आणा, मग बघू.

जमवायला निघालो. वाचनाला गुरुवारचा सहावा तास द्यायचा तर चित्रकला हलली पाहिजे. चित्रकलेचे सर तयार, पण त्यांना मोठी खोली हवी. मोठ्या खोलीत गाण्याच्या बाई. त्या हलतील, पण कवायतीच्या सरांनी आपला तास सोडला तर. कवायतीचे सर म्हणतात, जीव गेला तरी सकाळचं मैदान सोडणार नाही. झालं, घोडं तिथेच अडलं. रात्री कागदावर चौकटी पाडून बसलो. गणिताचा शिक्षक मी! एक तास सरकवला की दुसरीकडे दोन शिक्षक एकाच वर्गात उभे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

टिटवीची आई आली. पार्लर चालवते, दोन गिऱ्हाइकांच्या मधे धावत आलेली, हाताला रंग तसाच. मी तिला सांगितलं, तुमची मुलगी साधी नाही, हे डोकं वाया घालवू नका, विशेष गटच निवडा. वाचनाच्या बाई आज वार नसताना मुद्दाम आल्या होत्या, त्यांनी बरोबर उलटं सांगितलं. ती माउली एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्यांच्याकडे. "मला यातलं काय कळतं, सर? तुम्ही दोघं मिळून सांगा, मी सही करते."

आम्ही दोघं मिळून काय सांगणार, कपाळ! टिटवी शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. सही राहिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी अंघोळ करताना सुचलं — वेळापत्रक हाच खेळ! हिचा बटणांचा डबा उचलला. (सांगून उचलला.) वर्गातली बाकं मागे सारली, फरशीवर खडूने चौकटी आखल्या. आडवे तास, उभे वार. प्रत्येक शिक्षकाचा एक रंग. नियम तोंडी सांगितले, एकही लिहिला नाही.

मुलं तुटून पडली. तास संपेपर्यंत सगळ्यांनी हात टेकले. पहिला नंबर म्हणाला, याला उत्तरच नाही, सर. टिटवी गुडघ्यांवर बसून नुसती बघत होती. फरशी पुसायची नाही म्हणून शिपाईमामांना बजावून ठेवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत टिटवी फरशीवर. जेवणाचा डबा उघडला नाही, खेळायला गेली नाही. काही जमलेलं नाही. मला काही विचारतही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भडकलो आज. कुणीतरी चौकटींवरून चालत गेलं, निम्मी बटणं विखुरली. मला वाटलं, ती आता आकाशपाताळ एक करणार. तिने गोळा केली आणि पुन्हा जिथल्या तिथे मांडली. सगळीच्या सगळी, आठवणीतून!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सुटलं!!

दोनदा तपासलं. कवायतीच्या सरांच्या मैदानाला धक्का नाही. सगळे कवायतीच्या सरांना हलवायला बघत होतो, मीसुद्धा. टिटवीने त्यांना हातच लावला नाही. गाण्याच्या बाईंचे दोन छोटे तास एकत्र केले आणि मोठी खोली मोकळी झाली. चित्रकला तिथे, वाचन गुरुवारी सहाव्या तासाला. कुणी दोन ठिकाणी नाही, कुणी उपाशी नाही. गाण्याच्या बाईंना विचारलं, तर त्यांना ती कल्पना जास्तच आवडली.

घरी येऊन हिला सांगताना माझा आवाज चढला होता. ही म्हणाली, अहो, शेजारी ऐकतायत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तळपायाची आग मस्तकात गेली आज. सुवाच्य अक्षरात उतरवून वेळापत्रक मोठ्या बाईंना दिलं. पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, छान केलंत. मी केलं नाही, म्हटलं. त्यांनी टिटवीला बोलावलं, कागद पुढे केला — सांग बघू, हे कसं केलंस? ती कागदाकडे बघत राहिली. मान वर केली नाही. माझीच चूक, ते अक्षरांनी भरलेलं पान तिच्यापुढे जाऊ द्यायलाच नको होतं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जे बोलल्या नाहीत ते मला नीट ऐकू आलं.

धावत जाऊन बटणं आणली. त्यांच्या टेबलावरच्या फायली मीच बाजूला केल्या, परवानगी कोण मागतंय! टिटवीने मांडायला घेतलं आणि तोंड सुटलं, हा इथे का, ती तिथे का. मोठ्या बाईंनी मुद्दाम एक लाल बटण उचलून घेतलं. हे सर आजारी पडले तर? तिने तीन बटणं सरकवली आणि म्हणाली, आता पडू दे त्यांना आजारी.

मोठ्या बाई हसल्या. मी पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही मंजूर, विशेष गटही आणि वाचनही. आईची सही संध्याकाळीच घेतली, पार्लरच्या आरशासमोर.

१ डिसेंबर, सोमवार

नवं वेळापत्रक लागलं. खाली सही मोठ्या बाईंची, टिटवीचं नाव कुठेच नाही. शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाईंचं कौतुक चाललंय. कवायतीचे सर मला सांगतात, बघा, मी म्हणत होतो ना जमेल म्हणून! श्रेय जाऊ दे चुलीत. पोरीला तास मिळाला. गुरुवारसाठी नवा खेळ रचतोय, खास तिच्यासाठी, यात तिचीही कसोटी लागेल.

४ डिसेंबर, गुरुवार

तिसरा तास. सगळे आले, टिटवी नाही. तणतणत शोधायला गेलो. वाचनाच्या खोलीत होती. हा तास आम्हीच मोकळा केला म्हणून बाई एकट्याच असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ओळीखाली बोट ठेवून बसली होती. मी दारातूनच म्हटलं, अगं, तुझा तास वर आहे! सहाव्या तासाला वाचन आहेच ना? एवढं सगळं आपण कशासाठी केलं?

तिने बोट उचललं नाही.

"सहाव्यालापण येणारे, सर. खेळता मला येतंच. वाचता येत नाही."

तिला काय हवंय, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. दार हळूच लोटलं आणि वर गेलो.