हातातलं वारं

ता. ६ नोव्हेंबर १९२९

पोचलो बुवा एकदाचा! धामणखेडे हे दोंडाईच्याच्या अलीकडचं एवढंसं स्टेशन. एक खोली, एक फलाट, मागे कडुलिंब आणि चहूकडे कापूस. रावेरकडच्या केळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे उघडं रान जरा खुपतं, पण स्वतंत्र तारबाबू म्हणून ही पहिलीच नेमणूक, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही. स्टेशनमास्तरांना सगळे नाना म्हणतात. गडी मोठा मायाळू, फक्त दुपारी झोपमोड झालेली खपत नाही. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन लोटन, आणि त्याची बायको भिकुबाई. इंदिरा येईपर्यंत माझं जेवण हिच्याकडे. आज कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. इतकं हाणलं की पट्टा सैल करावा लागला.

पलीकडच्या पथारे स्टेशनवर धनसिंग नावाचा तारबाबू आहे. त्याचं तोंड पाहिलेलं नाही, पण गट्टी जमली. टिंब आणि रेघ वाजवण्याची ज्याची त्याची ढब असते, तिला आम्ही तारवाले ‘हात’ म्हणतो. आवाजावरून माणूस ओळखावा तसा आम्ही हातावरून ओळखतो. धनसिंगचा हात घाईचा. माझी रेघ म्हणे लांबते. सुकदेव, तुझी रेघ संपेपर्यंत माझा चहा पिऊन होतो, असं त्याने तारेवरून चिडवलं.

काम सोपं, पण जोखमीचं. इथे एकच रूळ. पथाऱ्याहून सुटलेली गाडी इथे पोचली, रूळ मोकळा झाला, असं मी वाजवल्याशिवाय धनसिंगने मागची गाडी सोडायची नाही.

इंदिरा आणि आमची लेक चिमी संक्रांतीनंतर माहेरून येतील. चिमीला दात आला असं सासऱ्यांनी कळवलं आहे. पाहायला मी नाही, याची चुटपुट लागते.

ता. १५ नोव्हेंबर

उजव्या हाताची बोटं बधिर होतात. सकाळी चहाची कपबशी हातून सुटली आणि भिकुबाईने कपाळाला हात लावला. तार वाजवायच्या खटक्यावर बसून बसून होतं, जुन्या तारवाल्यांनाही होतं, असं नाना म्हणाले. तेल चोळलं. गंमत अशी की चोळणारा डावा हात माझा वाटत होता आणि ज्याला चोळतोय तो दुसऱ्या कुणाचा.

ता. २३ नोव्हेंबर

आज एक विचित्रच झालं. दुपारी पॅसेंजरची वाट बघत बसलो होतो. ऊन दाराशी होतं. मग एकदम ऊन भिंतीवर, आणि नाना दारातून शाबासकी देतायत, आज अगदी चोख काम केलंस म्हणून. कुठलं काम? पॅसेंजर येऊन गेली होती, मागून मालगाडीही गेली होती. मला एकही आठवत नाही.

उठायला गेलो तर पाय लाकडासारखे. बोलायला गेलो तर घशातून नुसती हवा. थोड्या वेळाने दोन्ही परत आले, पण तेवढ्यात मला दरदरून घाम फुटला होता. डुलकी लागली असेल, असं मनाशी म्हटलं. एवढ्यात धनसिंगने तारेवर विचारलं, मघाशी खटक्यावर कोण बसलं होतं? फार सफाईदार हात होता, मोत्यासारखी टिंबं. तुझी बदली झाली की काय?

खोलीत मी एकटाच होतो.

ता. ३० नोव्हेंबर

पुन्हा दोनदा झालं. एकदा लोटनने पाहिलं. म्हणाला, डोळे उघडे होते, मान पडलेली होती आणि हात तेवढा चालला होता. मग भिकुबाई आली, माझ्या हाताकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, भाऊ, तुमना हातमा वारं शे.

आमच्या घरी अंगावरून वारं गेलं म्हणजे माणूस लुळा पडला. माझे आबा असेच गेले, अर्धं अंग मेलेलं, तोंड वाकडं. पण भिकुबाई तर हसत होती! तिच्या म्हणण्यातलं वारं वेगळं. कानबाई देवीचं, अंगात येतं ते. ती नारळ घेऊन आली, माझ्या हाताला हळदकुंकू लावलं, पदर पसरून नमस्कार केला. हाताला केला, मला नाही. मी ओरडलो तिच्यावर. बिचारी घाबरून गेली. पण खरं सांगतो, नमस्कार घेताना त्या हाताची बोटं मिटली. मी मिटली नव्हती.

ता. ६ डिसेंबर

मोटारीने धुळ्याला जाऊन आलो. डॉक्टर सज्जन आहेत. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, डोळ्यांपुढे काडी पेटवली, पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली. मेंदूतलं काहीतरी आहे, पण काय ते मला सांगता येत नाही, असं स्पष्टच म्हणाले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना सगळं लिहून विचारणार आहेत. उत्तर येईपर्यंत काय करू, असं मी विचारलं. झटका येईलसं वाटलं की लिहायला बसा, हात आपल्या ताब्यात ठेवा, म्हणाले.

नाव कळलं असतं तरी बरं होतं. वाईटातलं वाईट नाव चाललं असतं मला. इंदिराला लिहिलं, माझं पत्र आल्याशिवाय निघू नकोस. कारण दिलं नाही.

ता. १३ डिसेंबर

मला कामावरून काढा, असं आज नानांना सांगितलं. हो, मीच सांगितलं! नाना हसले. तू आल्यापासून एक चूक नाही, वरून शाबासकी आली आहे, बदलीला माणूस मागू तरी कुठल्या तोंडाने? मी म्हटलं, नाना, ते काम मी करत नाही. ते म्हणाले, मग जो करतो त्याला करू दे.

धनसिंगलाही तोच हात आवडतो. दोघे गप्पा मारतात. मी नसताना. आज धनसिंगने हसत हसत सांगितलं, त्या दिवशी तुझं नाव विचारलं तर तू म्हणालास, सुकदेव दमला आहे, त्याला निजू दे.

भीती वाटते. साधी, लहान पोराला वाटते तशी.

ता. १८ डिसेंबर

सासऱ्यांचं पत्र. तुमची तार मिळाली, प्रकृती ठणठणीत आहे हे वाचून आनंद झाला, बोलावल्याप्रमाणे सोमवारच्या पॅसेंजरने इंदिरा आणि चिमीला पाठवतो.

मी तार केली नाही.

मी तार केलेली नाही!

ता. १९ डिसेंबर

येऊ नका म्हणून लगेच तार केली. करताना शेवटपर्यंत शुद्धीत होतो, निदान असं वाटलं. संध्याकाळी धनसिंगला विचारलं. तो म्हणाला, अशी कुठलीच तार पथाऱ्यावरून पुढे गेलेली नाही. तू तर नुसतं हवापाणी विचारलंस.

पुन्हा केली. पुन्हा विचारलं. नाही.

मग लोटनकडे चिठ्ठी दिली, दोंडाईच्याहून तार कर म्हणून. तो करून आला. पण उत्तर नाही. मंडळी आधीच निघून भुसावळला मावशीकडे उतरली असतील. तिथला पत्ताही मला ठाऊक नाही.

ता. २० डिसेंबर

सगळं धनसिंगला सांगितलं. तो पहिल्यांदा हसला नाही. मग ठरलं ते असं. सोमवारी त्या सफाईदार हाताचं काही ऐकायचं नाही. माझी लांबणारी रेघ ओळखली तरच गाडी सोडायची. दुसरा कुठलाही हात आला, काहीही म्हणाला, तरी कान बंद. धनसिंगने पोराची शपथ घेतली.

आज पोटभर जेवलो. त्याच्या भरवशावर.

ता. २२ डिसेंबर

उजवा हात पंच्याने खुर्चीला बांधून बसलो. मध्ये गेलो कुठेतरी. आलो तेव्हा बांधलेला होता डावा. गाठ इतकी नीट की लोटनला विळ्याने कापावी लागली.

मुंबईचं उत्तर नाही.

ता. २३ डिसेंबर. सोमवार.

लिहितोय. हात ताब्यात ठेवायला लिहीत राहायचं. डॉक्टर म्हणाले तसं. हे अक्षर माझं आहे. माझंच.

कापसाच्या गाठींची मालगाडी पथाऱ्याहून सुटली आणि अलीकडच्या वळणावर इंजिन बंद पडलं. इथून धूर दिसतो. नाना आणि लोटन तिकडे धावले. मी एकटा. मागची पॅसेंजर पथाऱ्याला उभी आहे. धनसिंगने कळवलं, पहिल्याच डब्यात एक बाई खिडकीशी बसली आहे, मांडीवर पोर, तुझीच असणार, चांगली गुटगुटीत आहे. उभी राहू दे. दिवसभर उभी राहू दे. वळणावरची माल हलल्याशिवाय मी काहीच वाजवणार नाही.

चिमी. तिला दोन दात असतील आता. इंदिरा रागावेल, एवढा वेळ का उभं ठेवलं म्हणून. रागावू दे. खुशाल रागावू दे. मी तिला सगळं सांगेन, रावेरला परत जाऊ, केळीची रोपं लावू, लुळा झालो तरी बांधावर बसून

डाव्या हाताने लिहितो. ऊन सरकलं आहे. पाय नाहीत. आवाज नाही.

उजवा खटक्यावर. वाजतोय. मोत्यासारखा नाही — रेघ लांबते आहे. माझी रेघ. हुबेहूब — माल पोचली — रूळ मोकळा —

धनसिंग विचारतो, सुकदेव, तूच ना?

उजवा म्हणतो, मीच रे. चहा पिऊन घे.

तो हसला. गाडी सोडतोय.

उजवा खाली आला. मांडीवर निजलाय. आता डाव्याने — खटका —

वाजवलं. थांबव. थांबव. माल वळणावर आहे. वेडंवाकडं, पण वाजवलं — तीनदा — टिंब कुठे रेघ कुठे — डाव्याने कधी वाजवलं नाही —

धनसिंग म्हणतो — हा कोण? हा हात ओळखीचा नाही.

मी. मी सुकदेव —

म्हणतो, सुकदेवाने बजावून ठेवलंय. दुसऱ्या हाताचं ऐकायचं नाही. पोराची शपथ आहे.

पुन्हा वाजवतो. तो ऐकत नाही. तार बंद केली त्याने — देवा — ओरडतोय, आवाज — भिकुबाई दारातून बघतेय, हात जोडून उभी आहे, वारं आलं म्हणून — अगं धाव, रुळावर धाव, लाल बावटा —

शिट्टी. पथाऱ्याकडून. ती गाडी —

चिमी